विश्लेषण : अंक निघाले फक्त सहा, वाचणाऱ्यांना मात्र गोळ्या घातल्या गेल्या... मॅझिनीच्या ‘तरुण इटली’ची कहाणी काय?

स्वातंत्र्य चळवळीचा इतिहास वाचताना जोसेफ मॅझिनी हे नाव मराठी वाचकाला हमखास भेटते. नाशिकच्या ‘अभिनव भारत’ संघटनेचे नाव त्याच्या ‘तरुण इटली’ या संघटनेवरून घेतले गेले, हेही अनेकांना ठाऊक असते. मात्र ही संघटना एका पत्राच्या आधारे वाढली, ते पत्र परदेशात छापून चोरून मायदेशी धाडले जात होते आणि त्याची सर्वात मोठी किंमत संपादकापेक्षा वाचकांनी मोजली, हे फारसे सांगितले जात नाही. या पत्राची आणि ते काढणाऱ्या माणसाची ही कहाणी...

मॅझिनी कोण होता?

जुझेप्पे मॅझिनीचा जन्म २२ जून १८०५ रोजी जिनोआ या बंदराच्या शहरात झाला. वडील डॉक्टर आणि विद्यापीठात शरीरशास्त्राचे प्राध्यापक होते, तर आई मारिया करारी आणि धार्मिक वृत्तीची होती. जिनोआ हे शतकानुशतके प्रजासत्ताक होते. मात्र मॅझिनीच्या जन्माच्या सुमारास ते नेपोलियनच्या साम्राज्यात गेले आणि नेपोलियनच्या पाडावानंतर व्हिएन्ना परिषदेने ते सार्डिनिया-पिडमाँटच्या राजाच्या हवाली केले. इटली नावाचा देश तेव्हा अस्तित्वातच नव्हता. उत्तरेला लोम्बार्डी आणि व्हेनिस ऑस्ट्रियाकडे, मध्ये पोपचे राज्य, दक्षिणेला नेपल्सचा राजा आणि अधेमधे टस्कनी, मोदेना, पार्मा अशी छोटी संस्थाने होती. प्रत्येकाची सीमा, जकात आणि पोलीस वेगळे होते.

वडिलांच्या वैद्यकीय पुस्तकांमागे फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातील जुनी वृत्तपत्रे दडवून ठेवलेली होती. मुलाच्या हाती ती लागली. १८२१ मध्ये पिडमाँटमधील उठाव फसला. त्यातील पराभूत बंडखोर जहाज पकडण्यासाठी जिनोआत आले होते. आईबरोबर फिरायला गेलेल्या १५ वर्षांच्या मॅझिनीने त्यांना रस्त्यावर मदतीसाठी हात पसरताना पाहिले. हे दृश्य तो कधीच विसरला नाही. पुढे त्याने काळे कपडे वापरायला सुरुवात केली आणि देशाच्या सुतकाची ती खूण त्याने अखेरपर्यंत सोडली नाही.

पोलिसांची नजर त्याच्यावर कशी पडली?

मॅझिनीने १८२७ मध्ये कायद्याची पदवी घेतली, पण त्याचा ओढा लेखनाकडे होता. जिनोआत व्यापारी जाहिरातींचे एक साधे पत्र निघत असे. मॅझिनी आणि त्याच्या मित्रांनी त्यात नव्या पुस्तकांच्या जाहिराती देण्यास सुरुवात केली. जाहिरातींची हळूहळू परीक्षणे झाली आणि परीक्षणांतून राजकारण डोकावू लागले. सरकारने पत्र बंद केले. मित्रांनी लिव्होर्नो शहरातून तसेच दुसरे पत्र चालवले, तेही बंद झाले.

दरम्यान मॅझिनी ‘कार्बोनारी’ या गुप्त संघटनेत दाखल झाला होता. नोव्हेंबर १८३० मध्ये एका खबऱ्याने दगा दिला आणि त्याला अटक झाली. आपल्या मुलाचा गुन्हा काय, असे वडिलांनी गव्हर्नरला विचारले. मुलगा हुशार आहे, रात्री एकटाच विचार करत फिरतो आणि तो कशाचा विचार करतो हे सरकारला माहीत नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांना मिळाले.

साव्होनाच्या किल्ल्यातील कोठडीतून फक्त समुद्र आणि आकाश दिसत असे. तेथे मॅझिनीने कार्बोनारीच्या अपयशाचा विचार केला. पुरावा अपुरा ठरल्याने १८३१ च्या सुरुवातीला तो सुटला, पण त्याच्यापुढे दोन पर्याय ठेवण्यात आले. एखाद्या लहान गावात पोलिसांच्या देखरेखीखाली राहायचे किंवा देश सोडायचा. त्याने देश सोडला. त्यानंतरच्या ४१ वर्षांतील बहुतेक काळ त्याचा परदेशातच गेला.

‘तरुण इटली’मध्ये चाळिशीची अट कशासाठी?

१८३१ मध्ये फ्रान्समधील मार्सेय या बंदरात मॅझिनीने ‘जोवीने इतालिया’ म्हणजे ‘तरुण इटली’ ही संघटना स्थापन केली. तेव्हा तो २६ वर्षांचा होता. वय वर्षे चाळीसच्या पुढच्यांना सर्वसाधारणपणे प्रवेश नव्हता. जुन्या पिढीतील क्रांतिकारक एखादा राजा किंवा परकीय सैन्य मदतीला येईल याची वाट पाहत बसतात, असे त्याचे मत होते. कार्बोनारीत वरच्यांचा हेतू खालच्या सभासदांना कळतच नसे.

मॅझिनीने हे उलटे केले. संघटना गुप्त, पण उद्दिष्ट जाहीर. इटली एकसंध, स्वतंत्र आणि प्रजासत्ताक झाली पाहिजे, तेही लोकांच्या स्वतःच्या बळावर, असे त्याने उघडपणे मांडले. झेंडा पांढरा, तांबडा आणि हिरवा ठरला. सभासद टोपणनावाने वावरत.

आता उद्दिष्ट जाहीर करायचे तर ते लोकांपर्यंत पोहोचवणारे साधन हवे. त्यामुळे संघटनेबरोबरच पत्राची आखणी झाली. आधी शिक्षण आणि मग उठाव, अशी ही जोडी होती.

हे पत्र निघत कसे होते?

संघटनेच्याच नावाचे हे पत्र १८३२ मध्ये सुरू झाले. १८३४ पर्यंत त्याचे सहा अंक निघाले. ते आजच्या अर्थाने वृत्तपत्र नव्हते. बातम्या थोड्या आणि मोठे लेख जास्त, असा प्रत्येक अंक एखाद्या पुस्तकाएवढा जाड असे. मागचे उठाव का फसले, राजांवर विसंबणे का धोक्याचे, प्रजासत्ताक म्हणजे काय, असे विषय त्यात असत. बराचसा मजकूर मॅझिनी स्वतः लिही.

मार्सेयमध्ये जमलेल्या मूठभर परागंदा तरुणांचे हे काम होते. पैसा जवळपास नव्हताच. मॅझिनीची आई जिनोआहून पैसे पाठवून मदत करी. या कामात जुदित्ता सिदोली ही तरुण विधवा महत्त्वाची होती. तिच्या नवऱ्याचा मृत्यू राजकीय परागंदा अवस्थेत झाला होता आणि तिची मुले सासऱ्याच्या ताब्यात मायदेशी अडकली होती. पत्राच्या व्यवस्थेचा भार तिने उचलला. मॅझिनीचे आणि तिचे प्रेमही येथेच जुळले. पुढे मुलांच्या ओढीने ती इटलीला परतली आणि दोघांची ताटातूट झाली.

फ्रेंच सरकारवर ऑस्ट्रिया आणि पिडमाँटचा दबाव होताच. ऑगस्ट १८३२ मध्ये मॅझिनीला फ्रान्स सोडण्याचा हुकूम निघाला. त्याच्यासारखा दिसणारा एक मित्र त्याच्या नावाने पोलीस पहाऱ्यात स्वित्झर्लंडच्या दिशेने रवाना झाला. खरा मॅझिनी राष्ट्रीय रक्षक दलाच्या गणवेशात पोलिसांसमोरूनच निसटला आणि जवळपास वर्षभर मार्सेयमध्येच लपून लिहीत राहिला.

अंक इटलीत पोहोचत कसे?

जिनोआ आणि लिव्होर्नोकडे जाणाऱ्या जहाजांवरचे खलाशी हे या पत्राचे पहिले वितरक होते. सुरुवातीला अंकांचे गठ्ठे विश्वासू खलाशांकडे सोपवले जात. तपासणी कडक झाल्यावर डांबराच्या आणि प्युमिस दगडांच्या पिपांत ते दडवले जाऊ लागले. रात्री भाड्याच्या एका लहान कोठारात ही पिपे भरली जात. व्यापारी मालाच्या नावाखाली ती रवाना होत आणि बंदरात उतरली की तेथील सभासद ती ताब्यात घेत. पुढे अंक हातोहात फिरत. काही ठिकाणी गुप्तपणे मजकूर पुन्हा छापलाही जाई.

पिडमाँट सरकारने कडक हुकूम काढला. असे छापील साहित्य आणणाऱ्याला शिक्षा तर होतीच, पण माहिती असून पोलिसांना न कळवणाराही तुरुंगवास आणि दंडाला पात्र ठरला. दंडातील अर्धी रक्कम खबऱ्याला मिळणार होती आणि त्याचे नाव गुप्त राहणार होते. थोडक्यात, अंक हाती पडल्यावर गप्प बसणे हाही गुन्हा झाला.

यात एक मोठी मर्यादा होती. १८६१ मध्ये इटलीचे राज्य स्थापन झाले तेव्हाही तेथील सुमारे तीन चतुर्थांश लोक निरक्षर होते. त्यामुळे हे पत्र शेतकऱ्यांपर्यंत पोहोचलेच नाही. वकील, डॉक्टर, विद्यार्थी, व्यापारी, खलाशी आणि सैन्यातील कनिष्ठ अधिकारी हाच त्याचा वाचक होता.

१८३३ मध्ये नेमके काय घडले?

सैन्यातील या वाचकांमुळेच सरकार घाबरले. पिडमाँटच्या सैन्यात उठावाची तयारी सुरू होती. दोन सैनिकांच्या भांडणातून या कटाचा सुगावा लागला, असे सांगितले जाते. १८३३ च्या वसंत ऋतूत धरपकड सुरू झाली. राजा कार्लो अल्बेर्तो याने कोणतीही दया दाखवली नाही. दोनच वर्षांपूर्वी तो गादीवर आला तेव्हा मॅझिनीने त्याला जाहीर पत्र लिहून इटलीचे नेतृत्व करण्याचे आवाहन केले होते, हे येथे लक्षात घ्यायला हवे.

लष्करी न्यायालयांनी दिलेल्या शिक्षेनुसार बारा जणांना मृत्युदंड देण्यात आला. यातील काहींचा गुन्हा म्हणजे पत्र वाचणे आणि वाचायला देणे हाच होता. शांबेरी येथे कॉर्पोरल जुझेप्पे ताम्बुरेल्ली याला गोळ्या घालण्यात आल्या. त्याने ‘तरुण इटली’चे लेखन आपल्या साथीदारांना वाचायला दिले होते. सार्डिनिया बेटावरील लेफ्टनंट एफिसियो तोला याच्याविरुद्धही बंदी असलेले लेखन बाळगल्याचा आणि कटाची माहिती दडवल्याचा आरोप होता. त्यालाही जून १८३३ मध्ये शांबेरी येथेच गोळ्या घातल्या गेल्या.

जिनोआच्या तुरुंगात याकोपो रुफिनी हा तरुण डॉक्टर होता. तो मॅझिनीचा बालपणापासूनचा जिवलग मित्र आणि जिनोआतील संघटनेचा आधारस्तंभ. साथीदारांची नावे सांगण्यासाठी त्याच्यावर दबाव येत होता. त्याने कोठडीतच आत्महत्या केली. ऑक्टोबर १८३३ मध्ये मॅझिनीलाही त्याच्या गैरहजेरीत मृत्युदंड ठोठावण्यात आला. तो मात्र सीमेपलीकडे होता.

फेब्रुवारी १८३४ मध्ये स्वित्झर्लंडमधून साव्हॉय प्रांतावर चढाई करण्याचा मॅझिनीचा प्रयत्न पुरता फसला. त्याच वेळी नौदलात उठाव घडवण्यासाठी जिनोआत असलेला एक तरुण खलाशी पळून गेला आणि त्यालाही मृत्युदंड ठोठावला गेला. त्याचे नाव जुझेप्पे गॅरिबाल्डी. पत्र याच वर्षी बंद पडले.

मॅझिनीला याची टोचणी लागली का?

होय. स्वित्झर्लंडमध्ये त्याने ‘तरुण युरोप’ ही व्यापक संघटना काढली, ‘तरुण स्वित्झर्लंड’ या अर्थाच्या नावाचे पत्रही चालवले. पण पोलिसांच्या भीतीने एका घरातून दुसऱ्या घरात लपत असताना १८३६ च्या सुमारास तो मनाने खचला. आपण चुकलो असू तर? आपल्या शब्दांवर विश्वास ठेवून जे मेले, त्यांच्या आयांना काय सांगायचे? याकोपोचा चेहरा त्याला सतत दिसत राही. आपण वेडे होऊ किंवा जीव देऊ, असे वाटण्यापर्यंत वेळ आली होती, हे त्याने पुढे स्वतःच नमूद केले.

यातून तो बाहेर आला तो कर्तव्याच्या विचाराने. आयुष्य सुखासाठी नसून कर्तव्यासाठी आहे, ही त्याच्या पुढील लेखनाची बैठक झाली. मात्र टीकाकारांचा प्रश्न कायम राहिला. सुरक्षित जागी बसून लिहिणाऱ्याने इतरांना फसणाऱ्या उठावांत किती वेळा ढकलायचे? १८५३ मध्ये मिलानमधील उठाव फसला तेव्हा त्याचे अनेक जुने सहकारीही याच कारणाने त्याच्यापासून दूर गेले.

लंडनमध्ये त्याची पत्रे कोणी फोडली?

जानेवारी १८३७ मध्ये मॅझिनी लंडनला पोहोचला. गरिबी इतकी, की कोट आणि बूटही गहाण टाकावे लागले. १८४० मध्ये त्याने संघटना पुन्हा उभी केली आणि मजुरांसाठी ‘आपोस्तोलातो पोपोलारे’ हे पत्र काढले. लंडनच्या रस्त्यांवर बाजा वाजवून भीक मागणाऱ्या इटालियन मुलांसाठी १८४१ मध्ये त्याने मोफत शाळा सुरू केली. निरक्षरांपर्यंत पत्र पोहोचत नाही, हा धडा त्यामागे होता.

१८४४ मध्ये आपली टपालातील पत्रे उघडली जात असल्याचा त्याला संशय आला. त्याने पाकिटांत खसखशीचे दाणे आणि केस घालून खात्री करून घेतली. ब्रिटिश गृहमंत्री सर जेम्स ग्रॅहम यांच्या आदेशाने पत्रे फोडली जात होती आणि त्यातील माहिती ऑस्ट्रियापर्यंत जात होती. प्रकरण ब्रिटिश संसदेत गाजले. विचारवंत थॉमस कार्लाइल यांनी मॅझिनीच्या बाजूने ‘द टाइम्स’ला पत्र लिहिले. त्याच वर्षी जुलैमध्ये आत्तिलियो आणि एमिलियो बांदिएरा या भावांना दक्षिण इटलीत उठावाच्या प्रयत्नात गोळ्या घालण्यात आल्या. त्यांचा मॅझिनीशी पत्रव्यवहार होता. त्यामुळे वाद आणखी पेटला. सरकारने खासगी पत्रव्यवहार वाचावा का, या आजही चालू असलेल्या वादातील हे एक जुने प्रकरण आहे.

सत्ता हाती आल्यावर मॅझिनीने काय केले?

१८४८ मध्ये युरोपभर क्रांतीची लाट आली. मॅझिनी १७ वर्षांनी इटलीत परतला. फेब्रुवारी १८४९ मध्ये रोममध्ये प्रजासत्ताक घोषित झाले आणि मार्चअखेर तीन प्रमुखांच्या मंडळात त्याची निवड झाली. पूर्वी ज्याच्या पत्रावर बंदी होती, त्याच्या राजवटीत छापखान्यांना मोकळीक मिळाली. तेथील राज्यघटनेने मृत्युदंडही रद्द केला. मॅझिनी स्वतः साध्या खाणावळीत जेवत असे.

हे प्रजासत्ताक जेमतेम पाच महिने टिकले. फ्रेंच सैन्याने ते मोडले. गॅरिबाल्डीच्या नेतृत्वाखाली लढताना अनेक तरुण मारले गेले. त्यात इटलीचे आजचे राष्ट्रगीत लिहिणारा गोफ्रेदो मामेली होता. जखम चिघळून त्याचा मृत्यू झाला तेव्हा तो २१ वर्षांचा होता.

इटली एक झाली, तरी मॅझिनी नाराज का?

१८६१ मध्ये इटलीचे राज्य स्थापन झाले, पण ते त्याच पिडमाँटच्या राजघराण्याच्या छत्राखाली. मॅझिनीला प्रजासत्ताक हवे होते. १८६६ मध्ये सिसिलीतील मेसिनाच्या मतदारांनी त्याला संसदेत निवडून दिले, तेव्हा जुन्या मृत्युदंडाचे कारण देऊन संसदेने ती निवड रद्द केली. १८७० मध्ये रोम इटलीत सामील झाले, त्या वेळी मॅझिनी गाएताच्या किल्ल्यात कैदेत होता. सुटका झाल्यावर त्याने आणखी एक पत्र काढले, ‘ला रोमा देल पोपोलो’.

१० मार्च १८७२ रोजी पिसा येथे एका स्नेह्याच्या घरी त्याचा मृत्यू झाला. तेथे तो ब्राऊन या इंग्रजी नावाने राहत होता. ज्या देशाच्या निर्मितीसाठी आयुष्य वेचले, त्याच देशात त्याला शेवटी नाव बदलून राहावे लागले. जिनोआतील अंत्ययात्रेला मात्र प्रचंड गर्दी लोटली.

महाराष्ट्राशी नाते काय?

भारतात सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांनी १८७० च्या दशकात बंगालमधील विद्यार्थ्यांपुढे मॅझिनीवर व्याख्याने दिली. लाला लजपत राय यांनी त्याचे उर्दू चरित्र लिहिले. विनायक दामोदर सावरकर यांनी लंडनमध्ये असताना मॅझिनीच्या आत्मपर लेखनाचा मराठी अनुवाद केला. तो १९०७ मध्ये पुण्यात प्रसिद्ध झाला आणि लोकमान्य टिळक व शि. म. परांजपे यांना अर्पण करण्यात आला होता. त्याची प्रस्तावना तरुणांत विशेष गाजली आणि ब्रिटिश सरकारने पुस्तकावर बंदी घातली. प्रकाशनाची बाजू सांभाळणारे थोरले बंधू बाबाराव सावरकर यांना १९०९ मध्ये देशभक्तीपर कवितांच्या दुसऱ्या एका पुस्तिकेच्या प्रकाशनासाठी जन्मठेपेची शिक्षा झाली. छापणारा आणि वाचणारा आधी पकडला जातो, हा १८३३ चा अनुभव येथेही आला.

महात्मा गांधी यांनाही मॅझिनीबद्दल आदर होता. मात्र १९०९ मधील ‘हिंद स्वराज’मध्ये त्यांनी वेगळा मुद्दा मांडला. परकीय सत्ता गेली, राजा आला, पण इटलीतील कष्टकऱ्याच्या आयुष्यात काय बदलले, असा त्यांचा सवाल होता. शेवटच्या काळातील मॅझिनीची खंत यापेक्षा फार वेगळी नव्हती.

सहा अंकांनी नेमके काय साधले?

उठावाच्या हिशेबात पाहिले तर ‘तरुण इटली’ अपयशी ठरली. तिने घडवलेला एकही उठाव यशस्वी झाला नाही. देश एक झाला तो पिडमाँटचा मुत्सद्दी पंतप्रधान काव्हूर, राजाचे सैन्य आणि गॅरिबाल्डीचे स्वयंसेवक यांच्यामुळे. मात्र गॅरिबाल्डी घडला तो याच संघटनेत. शिवाय जिनोआचा खलाशी, सार्डिनियाचा लेफ्टनंट आणि नेपल्सचा विद्यार्थी एकाच देशाचे आहेत, ही कल्पना १८३२ मध्ये बहुतेकांना अव्यवहार्य वाटत होती. सहा अंकांनी ती हातोहात फिरवली. तीस वर्षांनंतर राजालाही तीच कल्पना स्वीकारावी लागली.

प्रजासत्ताकासाठी मात्र आणखी बराच काळ जावा लागला. २ जून १९४६ रोजी इटलीच्या जनतेने मतदान करून राजेशाही संपवली. तोपर्यंत मॅझिनीच्या मृत्यूला ७४ वर्षे झाली होती आणि त्याचा अंक साथीदारांना वाचायला देणाऱ्या ताम्बुरेल्लीच्या मृत्यूला ११३ वर्षे.